पक्की शिलाई

भावेशने दोन्ही हात पट्ट्यांत घातले आणि काकीकडे पाठ केली. काशीने खाली वाकून त्याच्या मांड्यांभोवतीची बकलं बसवली, खांद्यावरचा पट्टा ओढला आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"काकी, हळू. जेवलोय आत्ताच."

"लग्नानंतर सुटलेलं पोट हाय ते. बेल्टला नको नावं ठेवू."

रिद्धी दारातच थांबली. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. हा सेफ्टी बेल्ट तिने शेवटचा पाहिला होता तो पोलिसांकडून परत आलेल्या पिशवीत, बाबांच्या शर्टाखाली. आईने तो कपाटाच्या वर टाकून ठेवला होता. गेल्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं आणि जांभूळ गावातल्या या घरातून बाबांच्या वस्तू एकेक करून जाऊ लागल्या. छत्री गुरुजींकडे गेली. शर्ट मामाने नेले. भावेश उद्यापासून अंबरनाथला, एका ठेकेदाराकडे, कारखान्यांच्या शेडवर पत्रे बसवायला जाणार होता. बाबा करायचे तेच काम.

"बघ, मापात बसला," काशी म्हणाली. "चुलत्याचीच अंगलट."

भावेशच्या पाठीवरून एक दोरी लोंबत होती. टोकाला हूक, आणि वरच्या बाजूला पट्ट्याची घडीवर घडी घालून शिवलेली, तळहाताएवढी जाड गड्डी. रिद्धीने ती हातात घेतली. घडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी धाग्याच्या रांगा होत्या. जीन्सच्या खिशावर असतात तशा, एकमेकींना चिकटून.

"आई, हे तू शिवलंस?"

"मग कोण? अठरा नंबरची सुई लावली, तरी दोन मोडल्या." काशीने तिच्या हातातून गड्डी घेऊन दोन्ही बाजूंनी ताणून दाखवली. "पिशवीतून आला तवा हे सगळं उसवून हातभर लोंबत होतं. काय ती शिलाई! जरा भार आला की टाके सुटले. असला माल कॅम्प पाचचा जीन्सवाला शेठ तोंडावर फेकील माझ्या. तो काय बोलतो ठाव हाय ना? काशीबाय, कपडा फटेगा, तेरी सिलाई नहीं फटेगी."

भावेश हसला. काशीही हसली. बाबा गेल्यानंतर आईला असं, स्वतःच्या कामावर खूश होऊन हसताना रिद्धीने पाहिलं नव्हतं.

"हा बेल्ट जुना झालाय," रिद्धी म्हणाली. "भावेश, मी तुला नवा आणून देते. आजच्या आज."

"ताय, कशाला खर्च? ठेकेदार पण देतो, पण तो दहा जणांच्या घामाचा. हा आपला घरचा."

"नवा आणशील तो पण तसलाच कच्चा," काशी म्हणाली. "ह्यो मी माझ्या हातानं शिवलाय."

"जुन्याला मुदत असते, आई."

"मुदत औषधाला असते गो. काढ रे भावेश, पिशवीत घालून देते."

रिद्धीने पिशवी खाली ठेवली. बाबा पडले आणि जागीच गेले, असं आईला सांगायचं, हे महेंद्रकाकांनी ठरवलं होतं. ते बाबांबरोबर त्याच छपरावर होते. दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी रिद्धीला खरं सांगितलं आणि म्हणाले, वहिनीला नको. रिद्धीलाही ते बरं वाटलं. वर्षभर आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आली होती, डोळे मिटायच्या आत संपलं, त्रास नाय झाला.

भावेश पायातली बकलं सोडत होता.

"ते फाटायलाच असतं, आई."

"काय?"

"ही घडी. माणूस पडला की त्याला एवढा जोरात हिसका बसतो की कंबर मोडेल. म्हणून ती मुद्दाम अशी शिवतात. टाके एकामागून एक सुटत जातात आणि हिसका कमी होतो. शेवटी खालचा पट्टा तसाच जोडलेला राहतो." तिने सोनेरी रांगांवर बोट ठेवलं. "हे आता सुटणार नाही. भावेश पडला तर सगळा हिसका त्याच्या मणक्याला बसेल. आणि एकदा माणूस झेललेला बेल्ट पुन्हा वापरायचाच नसतो. कापून टाकतात."

 काशीने गड्डी उलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला काही वेगळं असेल.

"झेललेला बोलतेस."

"हो."

"म्हणजे शिलाईमुळे नाय पडले ते."

"जमिनीपर्यंत पडलेच नाहीत."

भावेशने बेल्ट अंगावेगळा केला आणि काय करावं न कळून हातातच धरून उभा राहिला.

"मग?"

"पत्रा तुटला आणि ते अर्ध्यावर अडकले. बेल्टाने धरलं त्यांना. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वाचला म्हणून. शिडी आणली ती पुरली नाही. क्रेन दुसऱ्या साइटवर गेली होती. कुणाला वाटलं नाही घाई करावी. पट्ट्यात तसं ताठ लटकलं की रक्त पायात साठत जातं, आई. वर येत नाही. लगेच उतरवायचं असतं. ते कुणालाच माहीत नव्हतं."

काशी शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर बसली.

"बोलत होते?"

"आधी बोलत होते. चहा वर पाठवा म्हणाले."

"चहा." काशीच्या ओठांवर काहीतरी आलं आणि गेलं. "मग?"

"मग गप्प झाले. लोकांना वाटलं, दमले."

"खाली कोण कोण होतं?"

"सगळेच होते."

  काशीने भावेशच्या हातातून बेल्ट ओढून मांडीवर घेतला, मशीनच्या खणातून धागा उसवायचं कटर काढलं आणि पहिल्या रांगेत टोक घातलं.

"राहू दे आई, सगळाच कापून टाकू."

"कापायचाच हाय. माझं हाय तेवढं आधी काढते."

धागा पक्का होता. एकेक टाका तुटताना बारीक टक्कन आवाज येत होता. रिद्धी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तुटलेले धागे चिमटीने ओढू लागली. घडी मोकळी होऊन पट्टा लांब लोंबू लागला, तेव्हा काशीने कापडाची मोठी कात्री घेतली. एका हाताने जमेना. रिद्धीने पट्टा ताणून धरला. कमरेचा, खांद्यांचा, मांड्यांचा.

"काकी, मी उद्या ठेकेदाराचाच घालीन," भावेश हळूच म्हणाला.

"घाल." काशीने कात्री ठेवली. "पण तू असा अडकलास तर तुला उतरवणार कोण?"

"असतात ना तिथे. सुपरवायझर असतो, सगळे असतात."

"सगळे तुझ्या काकाला पण होते. माणूस कोण ते सांग. नाव सांग त्याचं."

भावेशने रिद्धीकडे पाहिलं. 

"नाव म्हणजे... असं कुणी विचारत नाय, काकी."

"तू विचार."

"आत्ता? रविवारी?"

"सोमवारी चढणार हायस ना?"

तो फोन घेऊन अंगणाकडे निघाला.

"हितंच लाव," काशी म्हणाली. "मला ऐकू येईल असा."

भावेशने ठेकेदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू करून मशीनच्या फळीवर ठेवला. रिंग वाजत राहिली. दोन्ही बाजूंना कापलेले पट्टे पडले होते.

"हां बोल, भावेश. उद्या वेळेवर ये."

"शेठ, एक विचारायचं होतं. मी वर बेल्टाला अडकलो, तर मला खाली कोण उतरवणार?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता. तो कमी झाला.

"उतरवणार म्हणजे?"

भावेशने काकीकडे पाहिलं. काशीने बसल्या जागेवरून स्टूल पुढे ओढलं आणि ती फोनच्या जवळ वाकली. "उतरवणार त्या माणसाचं नाव सांगा."