बंद ठेवलेलं गवत

हेगरने भावाचं गवत जाळू दिलं नव्हतं आणि आता सगळं त्या गवतावरच येऊन ठेपलं होतं.

भाऊ पावसाळ्यात गेला. तेव्हापासून रिवाजाप्रमाणे त्याचं नाव कोणी घेत नव्हतं आणि खडकांच्या पायथ्याचा त्याचा माळ बंद होता. तो उघडायचा हक्क थोरल्या बहिणीचा, म्हणजे हेगरचा. तिने पहिला धूर केल्याशिवाय तिथे कोणी काडी ओढायची नाही. पुढे उन्हात वणवा पेटू नये म्हणून, थंडीत दंव पडत होतं तोवर बाकीचं रान थोडंथोडं करून जाळून झालं. सकाळी लावलेली आग संध्याकाळी आपसूक निजायची, झाडांच्या शेंड्यांना झळही लागायची नाही. हेगरची मुलगी सेरीना सारखी विचारायची, "आई, मामाच्या माळाचं काय?" हेगर म्हणायची, "एवढ्यात नको." माळ उघडला की भाऊ खरोखरच गेला, असं तिला वाटे. त्यात यंदा दंव लवकर आटपलं. हल्ली थंडीचा काही भरवसाच राहिला नव्हता, वाराही रात्री विसावेना. डोक्याच्या वर गेलेलं गवत वाळून कडकडीत झालं.

आणि आता, ऐन तापायच्या दिवसांत, पूर्वेकडून कोणाची तरी आग येत होती.

हेगरचा जावई कॉनराड माळाच्या कडेच्या गाडीवाटेवर पाठीवरच्या यंत्राने वाळका पाला उडवत होता. वाट स्वच्छ असली की आग तिथे अडते. सेरीना गाडी घेऊन पाणी भरायला गेली होती. जाताना तिने कॉनराडशी बोलायचा वायरलेस आईच्या हातात दिला आणि मग जीभ चावली. सासूने जावयाशी बोलायचं नाही, त्याचं तोंड बघायचं नाही, असा रिवाज. लग्नापासून हेगरने त्याची पाठ तेवढी पाहिली होती, तीही चोरून. पाठ बरी होती. तो मासे आणायचा, दाराबाहेर ठेवायचा, एकदा खाकरायचा आणि निघून जायचा. याहून चांगला जावई कसा असतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

खडकावरून तिला सगळं दिसत होतं. उत्तरेच्या ओढ्याकाठचे केवडे धडाधड पेटले. ओढ्यात पाणी असतं तर आग तिथेच थबकली असती. पूर्वी या दिवसांत असायचंच. यंदा तळाशी नुसता पाला होता. पेटती पानं उडून अलीकडे पडली आणि आग माळाच्या कडेने पुढे धावत कॉनराडच्या पाठीमागे वळू लागली. त्याचं तोंड पूर्वेला, कानाशी यंत्राची घरघर, चहूकडे उंच गवत. त्याला पत्ताच नव्हता.

हेगरने वायरलेसचं बटण दाबलं. जावयाला थेट सांगता येत नव्हतं. पायाशी कुत्रा बसला होता, त्याचं नाव डिझेल.

"डिझेल," ती म्हणाली, "आग ओढा ओलांडून आलीय म्हणावं. ज्याला पाय आहेत त्याने खडकाकडे पळावं म्हणावं."

डिझेलने शेपूट हलवलं. वायरलेस गप्प. यंत्राची घरघर चालूच होती. तिने पुन्हा कुत्र्याला तेच सांगितलं, मोठ्याने. काही उपयोग झाला नाही.

मग ती खाली उतरली, डिझेल मागोमाग. गुडघे कुरकुरत होते, त्यांना तिने दोन शिव्या घातल्या. गवताच्या तोंडाशी थांबून तिने हाक दिली, नावाशिवाय. "मी आलेय रे. तुझी बहीण. रागावू नकोस." आणि ती सरळ गवतात शिरली, येणाऱ्या आगीच्या दिशेने. बरीच आत गेल्यावर ती खडकाकडे वळली, तिने सालीची चूड पेटवली आणि वाकून, मागे सरकत, गवताला टेकवत गेली. वारा तिच्या पाठीवर होता. ज्वाळा तिच्यापासून निघाल्या त्या खडकापर्यंत धावल्या आणि तिथे खायला काही नाही म्हणून विझल्या. मागे काळी, धुमसती जमीन उरली. आता तिथे जळायला काहीच नव्हतं.

डिझेलला काखेत मारून ती त्या काळ्यावर गेली आणि खडकाकडे तोंड करून उभी राहिली. बंद माळातून धूर निघाला म्हणजे तो कोणी केला, हे जावयाला कळायला हवं. दिसला तर. मागे वळून बघावं असं तिला इतकं वाटलं की मान दुखू लागली. पण तो येत असेल तर समोरासमोर व्हायचं. ती खडकावरच्या एका भेगेकडे बघत राहिली.

यंत्राची घरघर थांबली.

नंतर फक्त आग ऐकू येत होती, दोन्ही बाजूंनी. पाठ भाजू लागली. डिझेल काखेत थरथरत होता. एवढ्यात नको, असं किती वेळा म्हणाले मी, तिच्या मनात येत होतं. सेरीनाला काय सांगू?

आणि मग मागे, अगदी जवळ, कोणीतरी खाकरलं.

हेगरने डिझेलला घट्ट धरलं. ती वळली नाही. आग काळ्याच्या दोन्ही कडांनी गर्जत पुढे गेली, खडकाशी आपटली आणि बसली. तोही तिच्याकडे पाठ करूनच उभा असणार.

"डिझेल," मागून आवाज आला, धापा टाकत, "मामांचा माळ उघडला का रे?"

"उघडला म्हणावं," हेगर म्हणाली आणि रडू लागली. भावासाठी ती पावसाळ्यात अशी रडलीच नव्हती.

रडून झाल्यावर तिने कमरेची पाण्याची बाटली न बघता मागे राखेत ठेवली आणि डिझेलला घेऊन खडकाच्या आड गेली. ती दिसेनाशी झाल्यावरच त्याने बाटली उचलली.