तानाबाईच्या नावाचं पान

तानाबाईला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी धुळानं घरची चूल पहिल्यांदा स्वतः पेटवली. स्वयंपाक येत नव्हता असं नाही. सोलापुरात एका गिरणीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर तो बावीस वर्षं खानसामा होता. घरी यायचा तो तिकडंच जेवून.

आला की तानाबाई, त्याची बायको, विचारायची, "आज सायबानं काय खाल्लं?"

मग तो सांगायचा. मटणाचा बोटभर जाड काप, मीठ-मिरी लावून तापल्या तव्यावर टाकायचा. बाहेरून करपल्यागत, आत लालसर. साहेब त्याला स्टेक म्हणत. सोबत द्राक्षाची लाल वाइन, तीही स्वस्तातली. मिरीपुढं भारीची चव कळत नाही, असं मेमसाहेबांचं म्हणणं.

"एकदा मला करून घाला की," ती म्हणायची.

"बघू."

दिवसभर लोकांची चूल फुंकून आलेल्या माणसानं घरची कशाला फुंकायची? शेवटची दोन वर्षं तिनं मागणंच सोडलं. त्याला बरं वाटलं होतं.

वर्षाच्या जेवणाला तिची धाकटी बहीण मायाक्का माळशिरसहून आली. रीत अशी, की गेलेल्या माणसाला जे हवं असायचं ते रांधून आधी त्याच्या नावाचं पान वाढायचं, मग बाकीच्यांनी जेवायचं. धुळानं बकऱ्याच्या मांडीचा काप आणला होता. साहेबांच्या दारूच्या परमिटवरची वाइनची अर्धी बाटली मागून आणली होती.

मायाक्का उंबऱ्याशी बसून बघत होती.

"दाजी, आत लाल हाय की ते."

"लालच पायजे."

"आन् ती बाटली?"

"चरबीचं मटण हाय. चार घासांत तोंड तेलकट होतं. वर ह्याचा घोट घेतला की जीभ साफ. आंबट हाय, पर ह्याच्यासंगं बरं लागतं."

"बावीस वर्सांत आजच सुचलं व्हय? आक्का मरायची वाट बघत हुता?"

धुळानं काप तव्यावरून उतरवला. घरात तिचा फोटो नव्हता. तिच्या लुगड्याची घडी भिंतीशी ठेवून त्यानं पुढं पान मांडलं, काप वाढला, पेला भरला.

मायाक्कानं उठून पान मागं ओढलं.

"तिच्याफुडं मटण ठेवू नगा."

"तिनंच मागितलं हुतं."

"कवा? मरायच्या आदी दोन वर्सं तिनं मटण सोडलं हुतं. तुमच्या पोटाचं आपरेशन झालं, तवा बिरोबाला नवस बोलली. मालक जित्तं घरी येऊ दे, जल्मात तोंडात घालणार न्हाय म्हनली."

"मला बोलली न्हाय."

"सांगायला कशाला पायजे? संगं जेवायला बसला असता तर दिसलं असतं."

धुळा चुलीकडं वळला. मग म्हणाला, "मग काय खायाची?"

"भाकरी आन् ठेचा. पीठ कुटं ठिवलंय?"

घरात पीठ नव्हतं. मायाक्का शेजारी मागायला गेली.

काप गार झाला की त्याचं चामडं होतं. धुळानं पान पुढं ओढलं आणि एक तुकडा तोंडात घातला. वर घोट घेतला. मीठ बरोबर होतं, मिरी बरोबर होती, घोटानं चरबी धुऊन निघत होती. बंगल्यावरही इतकं कधी जमलं नव्हतं. तो खात राहिला.

मायाक्का पीठ घेऊन आली. तिनं रिकामं पान पाहिलं, रिकामा पेला पाहिला.

"सरका तिकडं," ती म्हणाली. "चूल पायजे."