कवळीवाल्याची काच

“अहो, कापा ते रबर! सकाळपासून त्याला काय आंजारत-गोंजारत बसलाय?”

मी शेडच्या दारातून ओरडले. कवळीवाल्यानं मान वर केली नाही. एका जुन्या जपानी गाडीच्या मागच्या काचेवर तो वाकला होता. काचेभोवतीच्या रबरात साबणाचं गरम पाणी सोडायचं, बोटानं चाचपायचं, परत सोडायचं. बाळाला न्हाऊ घालतानासुद्धा कोणी एवढी काळजी घेत नसेल.

“ताई, हे रबर ओरिजिनल आहे,” तो म्हणाला. “कंपनीचा शिक्का आहे त्याच्यावर. असं आता कुठं मिळत नाही.”

“आणि काच? ती मिळते का चौकातल्या दुकानात?”

“दोन्ही काढतो ना, सावकाश.”

कपाळ माझं! म्हटलं, बसा. माझ्या आवाराचा नियम साधा आहे. हवा तो भाग ज्यानं त्यानं आपल्या हातानं काढायचा, आणि काढताना फुटला तर तो त्याचा. हा नियम माझ्या वडिलांनी घातला. त्यांच्यामागं हे भंगारचं आवार मी चालवते आणि तो नियम मी मोडलेला नाही. ठोकलेल्या, सडलेल्या, मालकांनी टाकून दिलेल्या गाड्या इथं येतात. आमचा कटर गॅसची बत्ती लावून त्यांचे तुकडे करतो, पत्रा दाबून गठ्ठे होतात आणि ट्रक भरून भट्टीला जातात. गाडी म्हणजे लोखंड, एवढंच मला कळतं.

पण ही शौकीन मंडळी! ती रविवारी येतात. अंगात इस्त्री केलेला मेकॅनिकचा डगला, हाताला रबरी मोजे, आणि नखं माझ्यापेक्षा स्वच्छ. एकानं तर माझ्यासमोर डॅशबोर्डाचा वास घेतला, डोळे मिटून. दुसरा एका बोल्टचा फोटो खिशात घेऊन फिरतो. स्वतःच्या पोरांचा फोटो मागितला तर सापडणार नाही. स्क्रूच्या डोक्यावरचा बारीक ठिपका जपानी कारखान्यातला की नंतर कोणी केलेला, यावरून दोघं इथं हातघाईवर आले होते. घरात नळ गळत असेल, पण हे निघाले सातासमुद्रापलीकडून दाराची कडी मागवायला. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, ओरिजिनल. मी त्यांना चहासुद्धा विचारत नाही.

त्यातला कवळीवाला म्हणजे कळस. याचा धंदा काय, तर लोकांच्या कवळ्या बनवणं. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, हा साचा करतो, गुलाबी मसाला ओततो, घासून-पुसून चकचकीत करतो. अर्ध्या गावाच्या तोंडात यानं केलेले खोटे दात आहेत आणि लोक त्यांनी मजेत जेवतात. पण याच्या गाडीला मात्र खोटं काही चालत नाही. नुसता सांगाडा विकत घेतला होता म्हणे. मग इंजिन एकीकडून आणलं, कार्बोरेटर दुसरीकडून, आतलं घड्याळ एका म्हाताऱ्याच्या हातापाया पडून मिळवलं. गाडी सुरू होते, ब्रेक लागतो, रंगही झाला आहे. फक्त मागची काच नाही. आणि काच नाही म्हणून गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा याचा बाणा.

आज तो जिच्यावर वाकला होता ती लाल गाडी माझ्याकडे आली ती याच्या गाडीच्याच जातीची, उन्हानं गुलाबी पडलेली, पण मागची काच ठणठणीत. कोणीतरी त्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आधीच स्वारी हजर, सोबत बायको.

बायको नेहमी यायची. शेडमध्ये एका गाडीची मागची सीट मी आल्यागेल्यासाठी टाकून ठेवली आहे, तिच्यावर बसायची. बाई एवढीशी, पाय जमिनीला पुरते टेकायचे नाहीत. फाटकापासून शेडपर्यंत यायला तिला मध्ये थांबावं लागायचं. हृदयाचं दुखणं. चहा मी तिला मात्र द्यायचे.

“वहिनी, तुम्ही कशाला येता या धुळीत?” मी त्या दिवशी विचारलं.

“घरी तरी काय आहे? तिथंही गाडीच आहे.” ती हसली. “आणि काच मिळाली की मला फिरवून आणणार आहेत ना. म्हटलं, मिळते का बघू तरी.”

“म्हणजे अजून बसवलंच नाही तुम्हाला?”

“बसते की. उभ्या गाडीत. दुपारी घरात उकडतं, गाडीच्या शेडमध्ये गार असतं. पुढच्या सीटवर बसून भाजी निवडते. माझे पाय पोचत नाहीत म्हणून सीट पुढं ओढून घेतलीय अगदी. सीटच्या खाचेत शेंगांच्या शिरा सापडल्या की हे चिडतात.”

“आणि तुम्ही ऐकून घेता?”

“मी म्हटलं, अहो, नुसतं नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणा. माघारी या, मग शोधत बसा काच जन्मभर. तर म्हणतात, मागं भगदाड घेऊन कसं जायचं? लोक हसतील.”

“कोण लोक?”

“तेच. रविवारचे.”

माझं डोकं फिरलं. त्या डॅशबोर्ड हुंगणाऱ्यांना हसू येईल म्हणून हा माणूस बायकोला पुलापर्यंत नेत नाही! मी तिथूनच ओरडले, “अहो, प्लास्टिक लावा एखादं आणि हिला फिरवून आणा आधी!”

“प्लास्टिक?” त्यानं असं तोंड केलं, जणू मी त्याच्या ताटात मातीच कालवली. “ताई, तुम्हाला नाही कळायचं.”

नाही तर नाही. मला कळून काय दिवे लागणार होते? मी वजनकाट्यापाशी गेले. तासाभरानं कटर माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “ताई, एक कोपरा धरून बसलाय रबर. दगड झालाय त्याचा. मी म्हटलं, ब्लेड मारतो, काच अल्लाद हातात येईल. ऐकत नाहीत.”

“त्याला माहीत नाही होय?”

“माहीत नसायला काय झालं? रविवारच्यातल्या त्या चष्मेवाल्याला गाडीची काच यांनीच काढून दिली होती ना इथं, रबर कापून. स्वतःच्या वेळेला मात्र दोन्ही पाहिजे.”

हाव, दुसरं काय? फक्त तिला ओरिजिनल म्हणायचं. मी परत गेले. कवळीवाला गाडीच्या आत शिरून काचेला पाठीनं हळूहळू रेटत होता आणि एका हातानं त्या कोपऱ्यात लाकडाची पाचर सरकवत होता. घामानं निथळत होता. बायको सीटवरून उठून गाडीजवळ येऊन उभी राहिली होती.

“अहो, राहू दे ते रबर,” ती म्हणाली. “काच घेऊन जाऊ आपण.”

“आलंच गं. एवढा कोपरा.”

फट् असा आवाज झाला. फार मोठा नाही. मागच्या काचा फुटतात तेव्हा तडा जात नाही, सगळीच काच एकदम जाते. जाड्या मिठासारखे दाणे त्याच्या पाठीवर, केसांत, सीटवर, जमिनीवर सांडले. कटरनं बत्ती बंद केली. कवळीवाला तसाच वाकून राहिला. मग हळूच बाहेर आला, अंग झटकलं नाही, आणि त्या रिकाम्या चौकटीवरून रबर सोडवायला लागला. आता ते लगेच सुटलं. त्यानं ते उचलून उजेडात धरलं, बोटानं फिरवून पाहिलं.

“रबर मात्र वाचलं,” तो म्हणाला.

तोंडात मारावी असं वाटलं मला त्याच्या. खरंच सांगते. वहिनीनं त्याच्या केसांतले काचेचे दाणे एकेक करून काढले आणि माझ्या चहाच्या कपात टाकले.

“दुसरी मिळेल गं,” तो तिला सांगत होता. “बंदराकडं एकाकडे आहे म्हणतात. मी उद्याच फोन करतो.”

“मिळेल हो,” ती म्हणाली. “चला घरी. मला उभं राहवत नाही आता.”

जाताना ती मध्ये दोनदा थांबली. हा रबराचं वेटोळं हारासारखं खांद्यावर टाकून पुढं चालला होता. मग थांबला, मागं आला आणि तिचा हात धरला. तेवढी अक्कल होती.

त्यानंतर बरेच दिवस दोघांचा पत्ता नव्हता. लाल गाडी कापून भट्टीला गेली. रविवारच्या मंडळींनी काच फुटल्याचं ऐकलं आणि त्यावर अशी चुकचुक केली, जणू कोणी दगावलंच आहे. एक जण म्हणाला, रबर विकणार असेल तर मला सांगा. मी त्याला फाटक दाखवलं.

मग एका दुपारी कटर धावत आला. “ताई, बाहेर या. चालती गाडी आलीय.”

आमच्याकडे गाड्या टोचन लावून ओढत येतात, नाहीतर ट्रकमध्ये. स्वतःच्या पायांनी कोणी येत नाही. पांढरी, दोन दारांची, बुटकी गाडी फाटकातून आत आली. इंजिन असं एका लयीत चालत होतं की कटरनं हातातलं काम खाली ठेवलं. कवळीवाला उतरला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मी आधी गाडीत पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती.

“वहिनी कुठायत?”

“गेली,” तो म्हणाला. “झोपेतच. महिना होईल आता.”

नजर फिरवायची म्हणून मी मागच्या काचेकडे पाहिलं. ते शिक्क्याचं रबर बसवलेलं होतं, आणि त्यात काच. स्वच्छ, नितळ, चौकटीत चपखल.

“मिळाली वाटतं बंदराकडची?”

“नाही. ती दुसऱ्याच गाडीची निघाली. ही मी केली. ॲक्रिलिकची. साचा करून, तापवून, दाबून. कवळीला पॉलिश करतो तसंच केलं.” तो जमिनीकडं बघत होता. “दोन दिवसांचं काम होतं, ताई.”

दोन दिवस! माझा संताप उसळला. “मग आता कशाला केलीत? कोणासाठी? ती बाई उभ्या गाडीत शेंगा सोलत बसली तेव्हा काय हात मोडले होते तुमचे? सगळ्या गावाला खोटे दात घालता, आणि बायकोसाठी एक खोटी काच झाली नाही तुमच्याच्यानं? लाज नाही वाटत?”

कटर बाजूला सरकला. कवळीवाला मान खाली घालून ऐकत राहिला. मी थांबले तेव्हा म्हणाला, “वाटते.”

राग होताच, आणि त्याच्याबद्दल वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. वाईट वाटल्याचा आणखी राग आला.

“रविवारच्यांना दाखवलीत?” मी विचारलं.

“नाही. ते नुसती काच बघतील. खोटी आहे म्हणतील.” मग म्हणाला, “तुम्ही तिला चहा द्यायचात.”

त्यानं शेजारचं दार उघडलं. “बसता का? पुलापर्यंत जाऊन येऊ.”

जन्म गेला गाड्यांत, पण मी हजारो गाड्या कापायला लावल्या त्या मेलेल्या. अशी एखादी जिवंत असताना तिच्यात कधी बसले नव्हते, बसायची हौसही नव्हती. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बसले.

बसले म्हणजे काय, कोंबले गेले. सीट इतकी पुढं होती की माझे गुडघे डॅशबोर्डला भिडले. मी आहे धिप्पाड. तो पलीकडून येऊन बसला, माझे हाल त्याच्या लक्षात आले, आणि सीट मागं घ्यायचा खटका ओढायला तो माझ्या सीटखाली वाकला. त्याचा हात खटक्यावर गेला आणि तिथंच राहिला. बराच वेळ तो तसाच वाकून होता. सीटच्या शिवणीत, माझ्या मांडीजवळ, शेंगेची एक वाळलेली शीर अडकली होती. त्यानं ती पाहिली असणार.

“राहू दे,” मी म्हणाले. “बसते मी अशीच. गाडी काढा.”

त्यानं हात काढून घेतला आणि गिअर टाकला. कटरनं फाटक उघडून धरलं. पुलापर्यंतचा रस्ता सगळा खड्ड्यांचा आहे; प्रत्येक खड्ड्याला माझे गुडघे आपटत होते, आणि दर वेळी तो म्हणायचा, “लागलं का हो?” मी म्हणायचे, “समोर बघा.”