मार्चच्या पाण्याचा सूट

बाहेरचं ऊन बघून समुद्रात उतरायला पातळ रबरी सूट मागणारा माणूस परगावचा, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगेल. आयर्लंडचा समुद्र मार्चमध्ये सगळ्यात गार असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कुठे कोमट होतो. ऊन पुढे पळतं, पाणी मागून रखडत येतं. हे मला माझ्या धाकट्या भावानं, फिआक्रानं शिकवलं. फळीवर उभं राहून लाट कशी धरायची, तेही त्यानंच. अकरा वर्षांपूर्वी तो ऑस्ट्रेलियाला गेला.

तेव्हापासून आमचं सर्फिंगचं दुकान मी एकटी चालवते. पाहुण्यांचे भाड्याचे सूट पुढच्या दांडीवर असतात, घरच्यांचे मागच्या खुंट्यांवर. फिआक्राचा पाच मिलिमीटरचा जाडा सूट अजून मागेच आहे. रबर चिकटू नये म्हणून दर हिवाळ्यात मी त्याला पावडर लावते.

रविवारी त्याचा फोन आला.

"नुआला, मार्चमध्ये येतोय. दहा दिवस."

मी जोरात नाक ओढलं.

"रडतेस काय गं?"

"तुझ्यासाठी? एवढा वेळ कुणाला आहे."

"बरं, तीन मिलिमीटरचा पातळ सूट काढून ठेव. मार्चमध्ये चांगलं ऊन पडतं ना तिकडे?"

दुसरं कुणी असतं तर मी चांगलं झापलं असतं. त्याला नुसतं "ठेवते" म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी त्याचा जाडा सूट मागच्या खुंटीवरून काढला, पावडर झटकली आणि पुढच्या दांडीवर नेऊन टांगला.