ईत्तोची साठ पेट्या सफरचंदं

उन्हावर चालणारं शीतगृह गिजलान वाह्बीनं स्वतः आखलं, स्वतः उभं केलं. मिदेल्तच्या डोंगरातल्या सफरचंदवाल्यांना ते हवंही होतं. तरी दोन गावांत तिनं ते मांडलं आणि दोन्हीकडे लोक पुदिन्याचा चहा पिऊन उठून गेले. ती पडद्यावरचे आकडे वाचत राहायची आणि मागच्या रांगेत हिमवर्षावाच्या गप्पा रंगायच्या. आता आठ दिवसांनी अकरा गावांच्या संघाची सभा होती.

आईनं तिला शेजारच्या बा जेल्लूलकडे पिटाळलं. बा जेल्लूलनं मेक्नेस शहराच्या चौकात तीस वर्षं गोष्टी सांगून संसार चालवला होता. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तो घरीच असायचा. डोळे मिटून त्यानं तिचं सगळं सादरीकरण ऐकून घेतलं.

"पोरी, यात माणूस कुठंय?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं, तीनशे चाळीस बागायतदार आहेत की.

"तीनशे चाळीस म्हणजे कुणीच नाही. मला एक दे."

गिजलाननं लॅपटॉप मिटला. मग दोन वर्षांत कुणालाही न सांगितलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. तिचं पहिलं शीतगृह ईत्तो नावाच्या विधवेच्या बागेत होतं. ऐन हंगामात ते बंद पडलं आणि साठ पेट्या सफरचंदं सडली. त्यानंतर तिनं दुसरी बॅटरी जोडली, बिघाड होताच फोनवर सूचना येईल अशी सोय केली. पण त्या सडलेल्या पेट्यांचा तिच्या सादरीकरणात कुठंही उल्लेख नव्हता.

"हीच गोष्ट सांग," बा जेल्लूल म्हणाला.

"बा, हे ऐकून कोण घेईल माझं यंत्र?"

"माझा नायक पहिल्याच झटक्यात जिंकला की चौकातले लोक चालू पडायचे. तो आपटला की बसून राहायचे, उठतो कसा ते बघायला." मग त्यानं बोट उगारलं. "पण त्या बाईला विचारल्याशिवाय तिची गोष्ट सांगायची नाही. माझे नायक सगळे मेलेले, मला कोण जाब विचारणार? तुझी जिवंत आहे."

गिजलान बस पकडून ईत्तोकडे गेली. ईत्तो अंगणात कांद्याची पात निवडत होती. गिजलाननं रचून आणलेली गोष्ट तिनं काम न थांबवता ऐकली आणि मध्येच तोडली.

"मी कधी रडले गं?"

"मला वाटलं, एवढं नुकसान झालं म्हणजे..."

"रडलीस तू. त्या थंड खोलीच्या दारात फतकल मारून. मी सडक्यातली बरी निवडून, आंबवून सिरका घातला, उरलेली मेंढ्यांपुढे टाकली. सकाळी तू पाना-पक्कड घेऊन परत आलीस, चार दिवस माझ्याकडे जेवलीस आणि यंत्र चालू करूनच गेलीस. म्हणून ते अजून माझ्या बागेत आहे. सांगायचं तर हे सांग."

गिजलानचे कान तापले. आपण या बाईला बिचारी करून टाकलं होतं, हे तिला तिथं कळलं.

सभेत तिनं पडदा लावलाच नाही. जसं घडलं तसं सांगितलं, आपलं रडणंसुद्धा. पेट्यांचा आकडा आला तेव्हा कुणीतरी चहाचा पेला खाली ठेवला. सिरक्याचं ऐकून बायका हसल्या. मग तिनं कागदावर काढलेला थंडाव्याचा आलेख दाखवला, तर मागचे लोक पुढे सरकून बघू लागले.

एका म्हाताऱ्या बागायतदारानं विचारलं, "पुन्हा बंद पडलं तर येणार कोण?"

"मीच येईन, काका. जेवण मात्र तुमच्याकडे."

पाच गावांनी त्याच दिवशी होकार दिला. सहा गावं म्हणाली, एक हंगाम बघू. गिजलानला तेही पटलं. त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

मेक्नेसला परतल्यावर ती थेट बा जेल्लूलकडे गेली. किती गावं मिळाली ते त्यानं विचारलं नाही. बायकोला आणि सुनेला हाक मारून बसवलं, स्वतः भिंतीला टेकला आणि म्हणाला, "हं, पहिल्यापासून सांग." तीस वर्षं लोकांना गोष्टी ऐकवणारा तो माणूस शेवटपर्यंत एका शब्दानं मध्ये बोलला नाही.