‘काहून’ बँडचा नादकाटा

मित्रांनो, मी एक नादकाटा आहे, जुना आणि पोलादी. दोन सरळ भुजा आणि खाली एक दांडी, एवढंच माझं शरीर. रबरावर हलकेच आपटलं की माझ्या भुजा थरथरतात आणि एक स्वर निघतो. एकच. हौसेने वाजवा, रागाने वाजवा, तोच निघतो. माझ्या दांडीवर इंग्रजी ‘ए’ हे अक्षर आणि त्याखाली ४२६.६ असा आकडा कोरलेला आहे. एका सेकंदात मी किती वेळा थरथरतो, तो हा आकडा. माझं नाव म्हणा, पत्ता म्हणा, सगळं त्यात आलं.

एका कारखान्यात पोलादाची कांब तापवून, वाकवून मला घडवलं. घडवणारा कारागीर मला वाजवायचा, कान द्यायचा आणि कानस फिरवायचा. भुजांची टोकं घासली की आमचा स्वर चढतो, वाकाजवळ घासलं की उतरतो. असं करत करत त्याने मला माझ्या आकड्यावर आणून सोडलं आणि आठ खाचांच्या लाकडी पेटीत ठेवलं. उरलेल्या सात खाचांत सात काटे होते. सगळे पोलादी, सगळे निळसर, पण प्रत्येकाचा स्वर निराळा.

आमच्या जातीचा एक स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. आपल्याच स्वराचं कुणी जवळ बोललं, तर आम्ही हात न लावता बोलू लागतो. पेटीत असं कधी झालं नाही. मला वाजवलं की बाकीचे सात जण गप्प असत, आणि ते वाजले की मी गप्प. आठ जण एका घरात राहत होतो, आणि कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं.

ती पेटी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका कॉलेजात आली. पुष्कळ वर्षं मुलांनी मला टेबलाच्या कडेवर आपटलं. मग पेटीचा तळ निघाला, नवं सामान आलं आणि जुनं भंगारात गेलं. मेडशीच्या रस्त्यावर उस्मानभाईंचं भंगाराचं दुकान आहे. तिथल्या लोखंडाच्या ढिगात मी पडलो. माझे सात सोबती कुठे गेले, मला कळलं नाही.

उस्मानभाईंचा मुलगा शाहिद ढीग निवडत होता. बारीक अंगाचा, मान खाली घालून काम करणारा मुलगा. त्याने मला उचलून वजनकाट्यावर टाकलं आणि मी बोललो. तो थांबला. त्याने मला पुन्हा वाजवलं, दांडी कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. कामातलं निम्मं लक्ष गेलं म्हणून उस्मानभाई ओरडले, “काहून रे, फोन आला का त्याच्यात?”

शाहिदकडे एक जुनी गिटार होती. ती लावायला ‘ए’ हा स्वर लागतो, एवढं त्याला माहीत होतं, आणि माझ्यावर ‘ए’ लिहिलेलं होतं. खालचा आकडा त्याला कारखान्याचा नंबर वाटला. त्याने गिटारची सगळ्यांत बारीक तार पाचव्या पट्टीवर दाबली आणि माझ्या स्वराशी जुळवत नेली. जुळत आली तेव्हा हवेत हेलकावे उठले, आधी भराभर, मग संथ, मग विरून गेले. मी टेबलावर पडलो होतो. त्याने तार छेडली आणि कुणी हात न लावता मी थरथरलो.

मित्रांनो, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

शुक्रवारी नमाजनंतर दुकान बंद असे. गोदामात शाहिदचे दोघे मित्र जमत. मेडशीचा शिवम ढोल वाजवायचा. एका मोडलेल्या बँडपार्टीचे दोन ढोल आणि ढिगातला निळा प्लास्टिकचा पिंप, असा त्याचा संसार. त्याचे वडील हिरालाल भाजीचा टेम्पो घेऊन मालेगावला येत, त्यात वांग्यांच्या पोत्यांवर बसून तो यायचा. तिसरा देवमन, जाड तारांची बेस गिटार वाजवणारा. उस्मानभाई जेवून हात पुसत दारात उभे राहायचे.

“हे गानं हाये का पत्रे मोजून राह्यले?”

“रॉक हाये चाचा,” शिवम म्हणायचा.

“मंग दगडं मारल्यासारखं लागते ते बराबर हाये. पन काहून?”

काहून वाजवता, काहून वरडता, काहून जेवाले येत नाही. त्यांच्या प्रत्येक वाक्यात ‘काहून’, म्हणजे ‘कशाला’, असे. पोरांनी बँडचं नावच ‘काहून’ ठेवलं.

देवमन पहिल्या वर्षीच चाकणला कंपनीत लागला. त्याच्या जागी केनवडची सुकेशनी आली. ती बी.एस्सी. करत होती, कमी बोलायची आणि बोटं फार मोजून टाकायची. शाहिदने पहिलं गाणं लिहिलं ते तेव्हा. फाट्यावर शेवटची एस.टी. थांबते, दार उघडतं आणि बंद होतं, एवढंच त्यात होतं:

‘गाडी थांबली काहून,
उतरलं तं कोनीच नाही.’

दुसऱ्यांदा ‘काहून’ म्हणताना शाहिदचा आवाज उंच जायचा, जिथपर्यंत त्याला जाता येत होतं बरोबर तिथपर्यंत, आणि काठावर थांबायचा. ते गाणं त्यांनी शिवमच्या फोनवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. सुरुवातीला फक्त मी वाजतो, मग गिटार, मग सगळे. मेडशी, केनवड, धनजपर्यंतच्या पोरांच्या फोनमध्ये मी वाजू लागलो. कौतुकाचे ते दिवस. शाहिदने मला सुतळी बांधून गोदामाच्या खिळ्यावर टांगलं. शुक्रवार आला की मी हात न लावता पुन्हा पुन्हा थरथरत असे.

मग अकोल्याच्या एका कॉलेजच्या महोत्सवाचं बोलावणं आलं, आणि शाहिदचा मावसभाऊ दानिश कीबोर्ड घेऊन बँडमध्ये आला. तो इंजिनिअरिंगला होता. पहिल्याच शुक्रवारी त्याने गिटारसोबत कीबोर्डवर बोट ठेवलं आणि सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. कीबोर्ड आणि गिटार शेजारी बसत नव्हते. दोघांच्या मध्ये नुसती घरघर होती.

“तुमी समदे खाली हा,” दानिश म्हणाला.

“खाली नाही गड्या, आमी मालेगावात हाओत,” शिवम म्हणाला.

दानिशने फोनमधलं सूर मोजायचं यंत्र उघडलं आणि मला वाजवलं. यंत्राने लाल खूण दाखवली. “हे पाय. ४४० पाह्यजे. हा काटाच खोटा हाये.”

सुकेशनीने मला हातात घेतलं आणि दांडीवरचा गंज नखाने खरवडला. “खोटा नाही,” ती म्हणाली. “लॅबचा हाये. लॅबवाले ‘सी’ २५६ धरतेत, त्यात ‘ए’ ४२६ च येते. बाजावाले ‘ए’ ४४० धरतेत. मापच दुसरं हाये, बस.”

“मंग दुसरं करून टाकू.” दानिशने फळीवरची कानस घेतली. “टोकाकडून घासलं का सूर चढते. अब्बी करतो.”

त्याने मला शिकंज्यात धरलं. कानस एकदा माझ्या टोकावरून गेली. तुम्हाला वाटेल, तेरा-चौदा आकड्यांचा तर प्रश्न. पण माझ्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. तो स्वर गेला असता तर उरलं असतं ते लोखंड, आणि लोखंड त्या गोदामात ढिगाने होतं.

शाहिदने कानशीवर हात ठेवला. “राहू दे. त्याले काहून घासतं? मी गिटार चढवतो.”

त्याने मला सोडवलं. निळ्या रंगावर एक ओरखडा राहिला, स्वराला धक्का लागला नाही. मग त्याने फोनकडे पाहत एकेक तार ताणली. दानिशच्या कीबोर्डला सूर उतरवायची सोय असेलही. ती कुणी शोधली नाही. दानिश दुष्ट नव्हता. जगाचं माप त्याच्या बाजूचं होतं, एवढंच.

त्या संध्याकाळी गिटार माझ्यापासून हातभर अंतरावर तासभर वाजली आणि मी खिळ्यावर गप्प होतो. पेटीतल्या गप्प राहण्याची मला सवय होती. हे निराळं होतं. एकदा कुणी तुमच्या स्वरात बोललेलं असलं की मग शांतता ऐकू येऊ लागते.

अकोल्याला त्यांनी मला नेलं नाही. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळलं की सगळं सुरात झालं, फक्त दुसऱ्या ‘काहून’ला शाहिदचा आवाज फाटला. चढवलेला सूर तसा थोडाच होता. पण चौकटीला डोकं टेकणाऱ्या माणसाला बोटभर वाढही नडते. पुढे ते गाणं दानिश म्हणू लागला. त्याने तेच गाणं नव्याने टिपून जुनं इंटरनेटवरून काढून टाकलं. नव्यात सुरुवातीला मी नव्हतो.

नंतर सगळं हळूहळू विरळ झालं. दानिश आणि शिवम पुण्याला गेले आणि ‘काहून’ हे नाव त्यांच्यासोबत गेलं. आता त्या बँडमध्ये जी मुलं आहेत त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. सुकेशनी एम.एस्सी.ला अमरावतीला गेली. उस्मानभाईंचे गुडघे धरले, तेव्हा शाहिद दुकानावर बसला. शिवमने तो जुना फोन देऊन नवा घेतला होता. पहिल्या गाण्याचा मूळ स्वर आता जगात फक्त माझ्यापाशी उरला होता, आणि शाहिदला तो नको होता. त्याला वाटायचं, आपण पहिल्या दिवसापासून चुकीचेच वाजवत होतो. चार गावांनी ऐकली ती आपली चूक होती. गिटार भिंतीला टांगली गेली आणि गाणं थांबलं.

माझी सुतळी कुजून तुटली. कुणीतरी मला तोट्यांच्या डब्यात टाकलं, आणि एका सकाळी तो डबा जालन्याच्या भट्टीला जाणाऱ्या मालात उलटा झाला. उस्मानभाई खुर्चीवरून माल पाहत होते. ते उठले, गुडघ्यावर हात दाबत आले आणि मला बाजूला काढलं.

“अब्बा, लोखंडच हाये ते,” शाहिद म्हणाला.

“लोखंड मले वळखू येते,” ते म्हणाले, आणि मला गल्ल्याच्या खणात ठेवलं.

त्या खणात मी किती काळ होतो, मोजलं नाही. अंधारात मोजायला काही नसतं.

एका शुक्रवारी सुकेशनी आली. ती आता रिसोडच्या एका कॉलेजात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवत होती. तिच्या प्रयोगशाळेच्या पेटीत सातच काटे होते.

“तुह्यापाशी तो ‘ए’ हाये का अजून?”

शाहिदने खण उघडला. “घेऊन जाय. चुकीचाच हाये तो.”

सुकेशनीने भिंतीवरची गिटार काढली, झटकली, सगळ्यांत बारीक तारेवर कागदाचा इवलासा तुकडा दुमडून बसवला आणि तार पाचव्या पट्टीवर दाबली. मग मला चपलेच्या रबरी तळव्यावर आपटून माझी दांडी गिटारच्या लाकडावर टेकवली. कागद हलला नाही.

“आता खुंटी सोड. हळू.”

शाहिदने खुंटी फिरवली. ती मला पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. तार उतरत आली आणि कागद शहारला. आणखी थोडी उतरली, आणि कागद उडून खाली पडला.

“पायलं? तार त्याचं मानते. चुकीचं असतं तं मानलं असतं का?” ती म्हणाली. “तुह्या गळ्याचं माप हे होतं, शाहिद. तू चुकला नव्हता.”

त्याने सगळ्या तारा त्या एका तारेशी जुळवल्या आणि गाणं म्हटलं. पत्र्यांच्या गोदामात एक गिटार, एक आवाज, मागे ढोल नाही. दुसऱ्या ‘काहून’ला तो काठापर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. दारात उस्मानभाई होते. त्यांनी काहीच विचारलं नाही.

जाताना सुकेशनीने मला टेबलावर ठेवलं. शाहिदने मला उचलून तिच्या पिशवीत घातलं.

“अन् तुले सूर लागंन तवा?”

“मले सापडला आता,” तो म्हणाला. “तिकडं तुह्या पेटीत जागा खाली हाये.”

मला भीती वाटली. तारा आपोआप उतरतात, उन्हाने, थंडीने, नुसत्या दिवसांनीही. माणसाच्या गळ्यात स्वर राहतो की नाही, हे मला माहीत नव्हतं.

आता मी रिसोडला असतो, सहाव्या खाचेत. शेजारचे सात जण नवे आहेत आणि माझ्याशी त्यांचा स्वर जुळत नाही. सुट्टीत कपाट बंद असतं.

परवा सुकेशनी मला बाहेर घेऊन निघाली. एस.टी. मालेगावला थांबली आणि ती उतरली. शुक्रवार होता. दुकानाची फळी अर्धी लावलेली होती आणि आत गिटार वाजत होती. ती दाराशी थांबली. मला कुणी आपटलेलं नव्हतं. तिने मला दांडीला धरलं होतं, नुसतं, आणि तिच्या बोटांत मी थरथरू लागलो. तिने माझी दांडी कानामागे लावली आणि आतलं गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्या प्रयोगशाळेत माझ्यासारखं कुणी असेल. त्याला टेबलाच्या कडेवर आपटू नका, रबर वापरा. गंज चढू देऊ नका. कुणाचा स्वर तुमच्याशी जुळला नाही, तर कानस घेण्याआधी त्याच्या दांडीवरचा आकडा एकदा वाचा. आणि काम झालं की त्याला पेटीत ठेवा, पण कधीमधी उगाच बाहेर काढून वाजवा. कुठल्या भिंतीवर त्याच्या स्वराची तार टांगलेली असेल, सांगता येत नाही.