तिसरी फळी

मी एक जुना लाकडी प्लॅटफॉर्म आहे. दहावीच्या वर्गात, फळ्याखाली, माझा मुक्काम असतो. मित्रांनो, या शाळेचे पहिले मुख्याध्यापक अंमळ बुटके होते. फळ्याच्या वरच्या टोकाला त्यांचा हात पुरेना, म्हणून सुताराने पाच फळ्या ठोकून मला तयार केले. "मागच्या बाकांना नीट दिसावं म्हणून केलाय," असे ते सगळ्यांना सांगत. मीही कधी तोंड उघडले नाही.

शाळेत दोनच वर्ग होते, तेव्हापासून मी इथे आहे. माणसे मी पावलांवरून ओळखतो. इतिहासाच्या बाई नुसत्या येरझाऱ्या घालत. भूमितीचे सर एका पायाने अधू होते, त्यामुळे सगळा भार दुसऱ्या पायावर. एकोणतीस वर्षे ते माझ्या तिसऱ्या फळीवर उभे राहिले आणि ती वाकली. वर्गात कितीही गोंधळ असो, ती करकरली की सर आले हे मुलांना कळे आणि सगळा वर्ग चिडीचूप उभा राही. सरांना कधी ओरडावे लागले नाही.

एका सुट्टीत सर आजारी पडले आणि गेले. शाळा उघडली तेव्हा त्यांच्या तासाला नव्या बाई आल्या. त्या फळ्यावर त्रिकोण काढत होत्या. दुपारची वेळ होती, वरचे पत्रे तापले होते. उन्हाने माझी वाकलेली फळी आपोआप ताणली गेली आणि करकरली. तिच्यावर कोणीच नव्हते. तरी सगळा वर्ग उठून उभा राहिला.

"अरे, बसा बसा!" बाई म्हणाल्या. मुले आपल्याच मानासाठी उठली असे समजून त्यांना फार बरे वाटले होते.

रोज तसेच होऊ लागले. आठवड्याने त्यांनी हसत विचारले, "मध्येच का रे उभे राहता?"

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर येतात ना, बाई."

वर्ग रिकामा झाल्यावर बाई शिपाईकाकांना म्हणाल्या, "काका, मी सोडतेय हा वर्ग. ही मुलं अजून त्यांचीच आहेत."

"अहो बाई, एक खिळा मारला की गप्प होईल ती फळी. उद्या मारतो."

मी हादरलो. सरांचे तेवढेच तर माझ्यापाशी उरले होते.

दुसऱ्या दिवशी काका हातोडी घेऊन दारात आले. "थांबा, एकदा होऊ द्या," बाई म्हणाल्या. फळी करकरण्याची रोजची वेळ झाली तशी मुले सवयीने उभी राहिली. पण आभाळ भरून आले होते, पत्रे गार होते. मी जिवाचा आटापिटा केला, पण करकरणे माझ्या हातात थोडेच आहे? पाच मिनिटे गेली, दहा गेली. कोणी बसेना. मागे कोणीतरी मुसमुसू लागले.

मग बाईच पुढे आल्या आणि तिसऱ्या फळीवर उभ्या राहिल्या. मी करकरलो. मुले खाली बसली.

"खिळा?" काकांनी हळूच विचारले.

"उद्या या."

नऊ वर्षे झाली, बाई त्यांना "उद्या या" असेच सांगताहेत. मित्रांनो, तुमच्याही वर्गात काही करकरत असेल, तर हातोडी उचलण्याआधी तिथे कोण उभे राहत असे, एवढे विचारून घ्या.